३२-२७-५-०: बापू नाडकर्णींच्या पाच धावांचा माग

कसोटी क्रिकेटच्या विक्रमांच्या यादीत नाशिकमध्ये जन्मलेल्या एका माणसाची एक ओळ आहे. गेली साठ वर्षं ती जागची हललेली नाही. ३२-२७-५-०. षटकं बत्तीस, त्यांतली निर्धाव सत्तावीस, दिलेल्या धावा पाच, बळी एकही नाही. सामना मद्रासचा, कॉर्पोरेशन स्टेडियमवरचा, जानेवारी १९६४. डाव इंग्लंडचा पहिला. गोलंदाज डावखुरे फिरकीपटू रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजे सगळ्यांचे बापू. जन्म ४ एप्रिल १९३३, नाशिक. निधन १७ जानेवारी २०२०, मुंबई. कसोटीच्या एका डावात किमान दहा षटकं टाकलेल्या गोलंदाजांत इतक्या कमी गतीने धावा दुसऱ्या कुणीही दिलेल्या नाहीत.

आमच्या इगतपुरी-घोटीच्या बाजूला टेनिस बॉलवर खेळणाऱ्या पोरांनाही ही गोष्ट ठाऊक असते. जिल्ह्यातला माणूस म्हणून थोडा अभिमानही असतो. पण सांगता सांगता तिच्यातलं सगळं गळून जातं आणि ‘सलग एकवीस मेडन’ एवढंच उरतं. ते खरंच आहे. तरी तेवढ्यावर थांबलं तर हाताशी असलेला कागद आपण अर्धाच वाचला असं होतं. धावफलक हा पुरावा आहे. पुराव्याला नीट प्रश्न विचारले, तर वरवर न दिसणाऱ्या गोष्टीही तो सांगतो.

आधी कागद काय आहे ते पाहू. छापील धावफलकात गोलंदाजाच्या नावापुढे चारच आकडे असतात. कोणत्या चेंडूवर काय झालं याची नोंद स्कोअररच्या वहीत होते. त्या वहीत प्रत्येक षटकासाठी एक चौकोन असतो. धाव न निघालेल्या चेंडूसाठी ठिपका, निघाली तर आकडा. सहा चेंडू सरळ गेले की चौकोनात तीन-तीनच्या दोन ओळींत सहा ठिपके जमतात आणि स्कोअरर ते रेघेने जोडून इंग्रजी ‘एम’ काढतो. बळी मिळालेलं निर्धाव षटक असेल तर ‘डब्ल्यू’. मद्रासला बापूंच्या नावापुढच्या बत्तीस चौकोनांपैकी सत्तावीस चौकोनांत असा ‘एम’ पडला. छापून आला तो फक्त त्यांचा बेरजेचा आकडा.

सुदैवाने या डावाचा आणखी एक तपशील नोंदींत टिकून राहिला आहे. बापूंनी ही बत्तीस षटकं चार हप्त्यांत टाकली. पहिला हप्ता ३-३-०-०. दुसरा ७-५-२-०. तिसरा १९-१८-१-०. चौथा ३-१-२-०. बेरीज करून पाहावी, चारही स्तंभ जुळतात. पहिल्या तीन हप्त्यांची बेरीज २९-२६-३-० होते आणि सामन्याच्या तिसऱ्या दिवसअखेर बापूंचं पृथक्करण हेच होतं. म्हणजे शेवटची तीन षटकं चौथ्या दिवसाची. याखेरीज दोन आकडे सगळीकडे सारखे येतात. सलग निर्धाव षटकं २१, आणि सलग धाव न दिलेले चेंडू १३१.

एवढ्या सामग्रीवर काय काय सिद्ध करता येतं?

पहिली गोष्ट हिशेब मांडताच दिसते, तरी ती कुणी फारशी सांगत नाही. बत्तीसमधून सत्तावीस गेले की उरतात पाच षटकं. धावाही पाचच. ज्या षटकात धाव निघाली त्यात किमान एक तरी निघालीच असणार. पाच षटकांत पाच धावा वाटायच्या आणि एकही षटक रिकामं ठेवायचं नाही, तर वाटणीचा एकच मार्ग उरतो. प्रत्येकात एक. म्हणजे त्या संपूर्ण डावात बापूंच्या गोलंदाजीवर चौकार सोडाच, कुणाला दुहेरी धावही घेता आली नाही. पाच एकेरी धावा, पाच वेगवेगळ्या षटकांत. १९२ चेंडूंपैकी १८७ चेंडूंवर बॅटीतून काहीही निघालं नाही.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. त्या काळी नोबॉल आणि वाइडच्या धावा गोलंदाजाच्या खात्यावर पडत नसत. तो नियम १९८०च्या दशकाच्या मध्यावर बदलला. बाय आणि लेगबाय तर आजही पडत नाहीत. तेव्हा ‘पाच धावा’ याचा अर्थ बॅटीतून निघालेल्या पाच धावा असाच घ्यायचा. आणि वरचं गणित, तसंच पुढचंही, बापूंची षटकं सहा-सहा चेंडूंचीच होती असं धरून केलेलं आहे.

दुसरी गोष्ट जरा खोलात जाऊन काढावी लागते. ती एकवीस षटकांची माळ नेमकी कुठे सुरू झाली आणि कुठे तुटली? पहिल्या हप्त्यातली तीन आणि दुसऱ्यातली जास्तीत जास्त पाच निर्धाव षटकं जोडली तरी आठच होतात. म्हणजे माळेचा मोठा भाग एकोणीस षटकांच्या तिसऱ्या हप्त्यातच असला पाहिजे. त्या हप्त्यात धाव एकच. समजा ती सुरुवातीलाच निघाली. मग पुढची अठरा निर्धाव आणि चौथ्या हप्त्यातलं फार तर एक, मिळून एकोणीस. एकवीस होत नाहीत. धाव हप्त्याच्या मध्यावर निघाली असती तर माळ आणखीच आखूड झाली असती. तेव्हा निघतं ते असं: माळ दुसऱ्या हप्त्याच्या शेपटाला सुरू झाली, मध्ये बापू विश्रांतीला गेले तेव्हा ती लांबली नाही पण तुटलीही नाही, आणि तिसऱ्या हप्त्याच्या अगदी अखेरीला, सतराव्या, अठराव्या किंवा एकोणिसाव्या षटकात संपली. सतराव्यात संपली असेल तर दुसऱ्या हप्त्यातली शेवटची पाच षटकं निर्धाव होती. अठराव्यात संपली असेल तर शेवटची चार, एकोणिसाव्यात तर शेवटची तीन. चौथी शक्यता नाही.

१३१ चेंडूंचा आकडा याहून बारीक तपशील उघड करतो. एकवीस षटकांचे चेंडू १२६. वरचे पाच चेंडू माळेच्या दोन्ही टोकांना वाटलेले. आधीच्या षटकात एकेरी धाव निघाल्यानंतरचे उरलेले काही, आणि माळ तोडणाऱ्या षटकात धाव निघण्याआधीचे काही. आता समजा आधीच्या षटकात धाव चौथ्या चेंडूवर निघाली. मागे दोन चेंडू उरले. पाच भरायला शेवटच्या षटकात तीन चेंडू कोरे हवेत, म्हणजे धाव पुन्हा चौथ्यावर. पहिल्यात दुसऱ्या चेंडूवर निघाली असेल तर मागे चार उरले, शेवटच्या षटकात एक चेंडू कोरा, धाव पुन्हा दुसऱ्यावर. कुठूनही मोजा, उत्तर तेच येतं. माळ सुरू होण्याआधीची धाव आणि माळ तोडणारी धाव या दोन्ही आपापल्या षटकात एकाच क्रमांकाच्या चेंडूवर निघाल्या. क्रमांक कोणता हे त्या वहीतच दडलेलं आहे, पण दोन्हीकडे तो एकच होता हे तिच्याशिवायही सांगता येतं. मला या डावातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. चार हप्त्यांचे सोळा आकडे आणि २१ व १३१ हे दोन, एवढ्यावर साठ वर्षांपूर्वीच्या दोन चेंडूंचं नातं पक्कं होतं.

आता त्या डावाभोवतीचा सामना. भारताने पहिला डाव ७ बाद ४५७वर घोषित केला. बुधी कुंदरन १९२, विजय मांजरेकर १०८. इंग्लंडने उत्तरादाखल ३१७ केल्या, त्यासाठी त्यांना १९०.४ षटकं लागली. ब्रायन बोलस ८८, केन बॅरिंग्टन ८०. चंदू बोर्डे यांनी ८८ धावांत पाच बळी घेतले. भारताचा दुसरा डाव ९ बाद १५२वर घोषित झाला, इंग्लंडपुढे २९३चं लक्ष्य आलं आणि ५ बाद २४१वर सामना अनिर्णित संपला. मालिकेतले पाचही सामने असेच अनिर्णित राहिले. पतौडी आणि माइक स्मिथ या दोघाही कर्णधारांच्या हाती काही लागलं नाही.

या पार्श्वभूमीवर एक आक्षेप हमखास येतो. इंग्लंडचे फलंदाज खेळतच नव्हते, मग बापूंचं कौतुक कशाचं? आक्षेपाला आधार आहे. १९०.४ षटकांत ३१७ म्हणजे षटकामागे १.६६ धावा. १९६०च्या दशकातल्या कसोटीची सरसकट गती अडीचच्या आसपास होती, त्या मानानेही हा डाव रेंगाळलेलाच. बॅरिंग्टनची ख्यातीही तशीच. कसोटीतली त्याची सरासरी ५८.६७, पण पुढच्याच वर्षी न्यूझीलंडविरुद्ध १३७ धावा फार संथ केल्या म्हणून इंग्लंडच्या निवड समितीने त्याला पुढच्या सामन्यातून वगळलं होतं.

पण आकड्यांनीच या आक्षेपाचं मोजमाप करू. बापूंची बत्तीस षटकं वजा केली तर उरतात १५८.४ षटकं, आणि अवांतर धरून धावा ३१२. म्हणजे बाकीच्या गोलंदाजांवर, त्याच खेळपट्टीवर, त्याच फलंदाजांनी षटकामागे दोनच्या जवळपास धावा केल्या. बापूंवर ०.१६. साधारण बारा पटींचं अंतर. फलंदाजांच्या संथपणाने सगळ्याच गोलंदाजांचे आकडे उतरले असते. एकाचेच इतके उतरले, त्याचं कारण त्या एकाच्या हातात शोधावं लागतं.

दुसरी कसोटी, म्हणजे पारख, बापूंच्याच जुन्या आकड्यांशी. १९६०-६१च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत, तीही पाचही सामने अनिर्णित राहिलेली, कानपूरला त्यांचं पृथक्करण होतं ३२-२४-२३-० आणि दिल्लीला ३४-२४-२४-१. कानपूरची षटकंही बत्तीसच आणि बळीही शून्यच, त्यामुळे तुलना सरळ आहे. कानपूरला चारांतली तीन षटकं निर्धाव, उरलेल्या आठ षटकांत २३ धावा, म्हणजे धाव निघालेल्या प्रत्येक षटकात तीनच्या आसपास. दिल्लीला धाव निघालेली षटकं दहा, त्यांत २४. मद्रासला हाच आकडा नेमका एक. निर्धाव षटकांचं प्रमाण ७५ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेलं, ही वाढ मोठी आहेच. पण खरा फरक निर्धाव नसलेल्या षटकांत पडला. कानपूरला फलंदाजाला अधूनमधून एखादा मोकळा चेंडू मिळत होता. मद्रासला तो मिळालाच नाही. तीन वर्षांच्या अंतरावरच्या या तीन ओळी शेजारी ठेवल्या की मद्रासचा डाव अपघाती वाटत नाही. एकच माणूस एकच काम करत आला होता आणि त्या दिवशी ते पूर्णत्वाला गेलं.

नेटमध्ये बापू खेळपट्टीवर चांगल्या टप्प्याच्या जागी नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकण्याचा सराव करत, ही गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. इतिहास लिहिताना अशा गोष्टीचं वजन धावफलकाइतकं धरता येत नाही. पण आकडे तिच्या विरोधात जात नाहीत, उलट तिला पाठबळ देतात, एवढं म्हणता येईल.

बळींच्या रकान्यातल्या शून्यामुळे बापूंची एक प्रतिमा पक्की झाली: कंजूष, पण बळी न घेणारा. ही प्रतिमा कागदावर टिकत नाही. त्याच वर्षी, ऑक्टोबर १९६४मध्ये, त्याच कॉर्पोरेशन स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध बापूंनी पहिल्या डावात ३१ धावांत पाच आणि दुसऱ्या डावात ९१ धावांत सहा बळी घेतले. सामन्यात १२२ धावांत ११. मैदान तेच, गोलंदाज तोच, मध्ये जेमतेम नऊ महिने. भारत तो सामना १३९ धावांनी हरला, म्हणून बहुधा त्याची आठवण कमी निघते. चार वर्षांनी, १९६८च्या न्यूझीलंड दौऱ्यात वेलिंग्टनला त्यांनी ४३ धावांत सहा बळी घेतले. भारताने परदेशात जिंकलेली ती पहिली मालिका, ३-१ने. त्याच दौऱ्यातली ऑकलंडची कसोटी बापूंची अखेरची. आणि १९६४च्या इंग्लंड मालिकेचा शेवट कानपूरला झाला तो बापूंच्या नाबाद ५२ आणि नाबाद १२२ धावांनी. डिसेंबर १९५५मध्ये दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्या कसोटीतही ते नाबादच राहिले होते, ६८वर.

संपूर्ण कारकिर्दीचे आकडे असे. कसोटी ४१, चेंडू ९,१६५, दिलेल्या धावा २,५५९, बळी ८८, सरासरी २९.०७, षटकामागे १.६७. प्रथम श्रेणीचे सामने १९१, बळी ५००, सरासरी २१.३७, आणि फलंदाजीत काढलेल्या धावा ८,८८०. किमान दोन हजार चेंडू टाकलेल्या कसोटी गोलंदाजांत षटकामागे याहून कमी धावा देणारे तिघेच: विल्यम अटेवेल, क्लिफ ग्लॅडविन आणि ट्रेव्हर गोडार्ड. त्यातले अटेवेल १८८०-९०च्या काळातले, ग्लॅडविनच्या कसोट्या आठच. दीर्घ कारकिर्दीत बापूंच्या तोडीचा खरा जोडीदार म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा गोडार्ड, १.६४.

या आकड्यांचा अर्थ लावायला एक योगायोग मदतीला येतो. मद्रासनंतरची कसोटी मुंबईला ब्रेबॉर्नवर झाली, २१ जानेवारी १९६४पासून. त्या सामन्यात भागवत चंद्रशेखर यांनी पदार्पण केलं. चंद्रांची कारकीर्द ५८ कसोट्यांची, बळी २४२, सरासरी २९.७४. म्हणजे एका बळीसाठी दोघांनी मोजलेली किंमत जवळपास सारखीच, एकोणतीस धावांच्या वर. पण बापूंना एका बळीला १०४ चेंडू लागत आणि चंद्रांना ६६. चंद्रांच्या षटकामागे २.७० धावा जात, बापूंच्या १.६७. एक गोलंदाज वेळ जास्त घेतो आणि धावा देत नाही, दुसरा धावा देतो आणि वेळ वाचवतो. कसोटी जिंकायला वीस बळी लागतात आणि दिवस पाचच असतात, त्यामुळे १९७०च्या दशकात भारताचे मोठे विजय चंद्रांच्या वाटेने आले हे खरं. तरी एकाच संघात या दोघांची गरज होती, हेही तितकंच खरं.

ती गरज म्हणजे काय, हे इगतपुरीच्या माणसाला कसाऱ्याचा घाट दाखवूनच सांगता येतं. सदतीसला एक अशा चढावर गाडी चढते ती पुढच्या इंजिनाच्या जोरावर असं डब्यातल्याला वाटतं, पण मागून बँकर इंजिनं रेटत असतात आणि इगतपुरीला आल्यावर ती निमूट सुटतात. मद्रासला पाच बळी बोर्डेंच्या नावावर लागले. ते बापूंच्या दबावामुळेच मिळाले असं सिद्ध करायला चेंडूगणिक नोंद हवी. पण ज्या टोकाकडून धाव निघत नाही, त्याच्या विरुद्ध टोकाला फलंदाज धोका पत्करतो, हे क्रिकेट खेळलेल्या कुणालाही नव्याने सांगावं लागत नाही.

बापूंच्या त्या लांब हप्त्याची पारख दुसऱ्या एका खेळाच्या मदतीनेही करता येते. गोलंदाजाच्या कामगिरीचा कल मोजण्याचा अभ्यास जगात सर्वांत पुढे नेला तो बेसबॉलने. तिथे सामना सुरू करणाऱ्या पिचरकडे, म्हणजे त्या खेळातल्या गोलंदाजाकडे, पाहण्याची रीत गेल्या अर्धशतकात पार बदलली. १९६८ साली सेंट लुइसच्या बॉब गिब्सनने ३४ सामन्यांची सुरुवात केली आणि त्यातले २८ सामने एकट्याने शेवटापर्यंत टाकले, १३ सामन्यांत प्रतिपक्षाला एकही धाव न देता. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळल्या, तर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी होती १.१२. त्या हंगामात पिचरांनी फलंदाजांना इतकं जेरीस आणलं की पुढच्या वर्षी पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणावा लागला. आज अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या लीगमधले तीस संघ मिळून संपूर्ण हंगामात एकाच पिचरने पूर्ण टाकलेले सामने तीसच्या आसपास असतात. गिब्सनने एकट्याने, एका हंगामात, जवळपास तेवढे टाकले होते. कारण अभ्यासातून पुढे आलं: एकच फलंदाज त्याच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा येतो तेव्हा त्याची नजर बसलेली असते आणि तो जास्त धावा काढतो. म्हणून आताचे व्यवस्थापक पाच-सहा डावांतच पिचर बदलतात.

हा निष्कर्ष मद्रासच्या एकोणीस षटकांच्या हप्त्याशेजारी ठेवून पाहा. नजर बसायला फलंदाजांना ११४ चेंडू मिळाले, तेही एकाच टोकाकडून, एकाच गोलंदाजाचे. तरी धाव निघाली ती एक, आणि तीही आपण वर काढल्याप्रमाणे शेवटच्या तीन षटकांत. फलंदाज हळूहळू सरावले आणि धावा वाढत गेल्या, असा चढता आलेख इथे दिसत नाही. क्रिकेटमध्येही आता इतका लांब हप्ता फिरकीपटूला क्वचितच मिळतो. डावखुऱ्या फिरकीचा ओघ पाहिला तर बापूंनंतर आलेले बिशनसिंग बेदी २६६ बळी घेताना षटकामागे २.१४ धावा देत होते, आणि आज रवींद्र जडेजाची अडीचच्या आसपासची गती काटकसरीची मानली जाते. फलंदाज बदलले, बॅटी बदलल्या, मर्यादित षटकांच्या खेळाने हात मोकळे केले. १.६७ पुन्हा दिसेल असं मला वाटत नाही.

विक्रमांची तुलना करताना मापं सारखी आहेत ना, हेही पाहावं लागतं. सलग धाव न दिलेल्या चेंडूंत बापूंच्याही पुढे दक्षिण आफ्रिकेचा ह्यू टेफिल्ड आहे. १९५७ साली डर्बनला इंग्लंडविरुद्ध १३७ चेंडू. पण तिथे षटक आठ चेंडूंचं होतं. म्हणून चेंडू मोजले तर टेफिल्ड पुढे आणि षटकं मोजली तर बापू पुढे. दोन्ही विधानं खरी आहेत, आणि दोन्ही सांगताना माप कोणतं ते सांगायलाच हवं. जुन्या काळातले भारतीय गोलंदाज पळवणकर बाळू यांच्या बाबतीत अशीच गल्लत होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांचे ११४ बळी हा सर्व सामन्यांचा आकडा. प्रथम श्रेणीपुरतं पाहिलं तर तो ७५ भरतो. त्यांचं मोठेपण दोन्ही आकड्यांत आहे, फक्त एका आकड्यावर दुसऱ्याचं लेबल लावू नये.

बेसबॉलकडून आपण आणखी एक गोष्ट घ्यावी असं मला मनापासून वाटतं. १९८९ साली डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने अमेरिकेत रेट्रोशीट नावाचं काम सुरू केलं. जुन्या सामन्यांच्या स्कोअरच्या वह्या संघांकडून, वार्ताहरांकडून, सामान्य प्रेक्षकांकडून गोळा करायच्या, वर्तमानपत्रांतल्या वृत्तांतांशी ताडून पाहायच्या आणि प्रत्येक खेळीची नोंद पुन्हा उभी करायची. शेकडो लोकांनी विनामोबदला हे केलं. त्यामुळे गिब्सनच्या हंगामाचा अभ्यास आज चेंडूपर्यंत नसला तरी फलंदाजागणिक होतो. बापूंच्या एकवीस षटकांचा तसा अभ्यास करायचा तर वर केलं तसं वजाबाकीवर भागवावं लागतं.

कसोटीच्या वह्या मोठ्या संघटनांनी सांभाळायच्या. आपल्या तालुक्यातल्या आपण सांभाळायच्या. इगतपुरीत पाऊस चार महिने मैदान मिळू देत नाही, पण उरलेल्या काळात गावोगाव चषक भरतात, आणि निदान जुन्या स्पर्धांचा हिशेब कुणीतरी वहीत लिहिलेला आहे. रेषा मारलेली साधी वही, आतमध्ये ठिपके, आकडे, जोडलेले ‘एम’. आता नोंद मोबाइलवर होते म्हणून त्या वह्या निरुपयोगी झाल्या असं समजू नका. तुमच्या घरात, शाळेच्या कपाटात, मंडळाच्या पेटीत अशी वही असेल तर रद्दीत घालण्याआधी पानापानाचा फोटो काढा. वर तारीख, मैदान आणि दोन्ही संघांची नावं लिहा. गोलंदाजीचं पान अर्धवट असेल, शेवटची षटकं राहिली असतील, तरीही काढा. सोळा आकड्यांवरून काय काय निघतं, ते आपण पाहिलंच आहे.